सांभाळून घेतलेले गुण

६ मार्च

धाकट्या,

पत्र बघून घाबरू नकोस, इथे सगळे बरे आहेत. फोनवर आपण दोघं एकदमच बोलतो आणि शेवटी कोणालाच काही ऐकू येत नाही. कागदावर निदान एकाचं वाक्य पुरं होतं.

काम असं आहे. इथल्या संशोधन संस्थेत दर वर्षी एक जागा भरतात. चार कॉलेजांच्या शेवटच्या वर्षातून एकच जण घेतात, तीन वर्षं शिकवतात, राहण्याखाण्याची सोय करतात, पुढे तिथेच नोकरी. आजवर सरासरी गुण बघून निवड व्हायची. यंदा निवड समितीची पंचाईत झाली. दोनशे बारा मुलं, त्यांतल्या एकशे सत्तेचाळीस जणांना नव्वदच्या वर. पहिल्या वीस जणांत फरक आहे तो दशांश चिन्हाच्या पलीकडचा. गेल्या वर्षी सत्त्याण्णव टक्केवाला घेतला, तर त्याला जमिनीचा साधा उतार काढता येईना. मग त्यांना आठवलं की गावात संख्याशास्त्र शिकवणारी एक तिरसट बाई आहे.

मी त्यांना म्हटलं, किती गुण पडले ते विसरा. एकाच मास्तरांचा एकच पेपर दोघांनी दिला असेल तर त्यांच्यात वर कोण, एवढंच बघा. करड्या मास्तरांच्या वर्गात बासष्ट मिळवून पहिला आलेला मुलगा पहिलाच. हा त्याच्या वर, तो तिच्या वर, अशा सगळ्या जोड्या लावत गेलं की रांग आपोआप तयार होते. शेवटच्या वर्षाचे काही वर्ग चारही कॉलेजांचे एकत्र भरतात, त्यामुळे साखळी तुटत नाही. मास्तर कडू की गोड, याचा मुलांना ना तोटा ना फायदा.

तुझ्या कॉलेजने बाकीच्यांचे कागद पाठवले. भूमापनाचे तुझे चार पेपर तेवढे राहिलेत. तुमच्या कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, सर उद्या देतो म्हणाले. तुझं उद्या मला लहानपणापासून माहीत आहे.

ताई


१४ मार्च

ताई,

तुला कोपरापासून नमस्कार, आता तू निवड समितीची बाई. चारही पेपरांच्या याद्या सोबत आहेत. उशीर झाला, पण चढणीवरच्या मैदानात दुसऱ्या वर्षाची मुलं घेऊन आठवडाभर मोजणीची दुर्बीण लावून उभा होतो. एक जण समोरची मोजपट्टी उलटी धरून अर्धा दिवस वाचनं देत होता आणि दुसरा ती इमानदारीत लिहून घेत होता.

तुझी पद्धत वाचली. जोड्या लावायचं काम आपल्या घराण्यात आत्याकडे होतं, तिने लावलेली एकही टिकली नाही. चेष्टा सोड, पद्धत चांगली आहे. आमच्या इथे एक मास्तर आहेत, मुलं त्यांना करवत म्हणतात. पन्नासच्या वर त्यांची लेखणीच चालत नाही. त्यांच्या वर्गात बसणाऱ्या पोरांचं आता भलं होईल. मला मुलं काय म्हणतात ते तुला कोणीतरी सांगेलच, तर मीच सांगतो: पंच्याण्णव सर. माझा हात जरा सढळ आहे. विद्यार्थी खूश, पालक खूश, प्राचार्य तर फारच खूश.

आता खरं सांगतो, मी हे पत्र आनंदात लिहितोय. माझ्या वर्गात एक मुलगी आहे. बस थांब्यापाशी तिच्या वडिलांची कुलपं-किल्ल्यांची टपरी आहे, म्हणून सगळे तिला कुलूपवाल्याची म्हणतात. सोळा वर्षांत अशी विद्यार्थिनी मला मिळाली नाही. दुर्बिणीला डोळा लावायच्या आधीच जमीन कुठे कलते ते तिला कळतं. सरासरीत ती नेहमी बाविसावी-तेविसावी येते, कारण करवत मास्तरांचे दोन पेपर तिने हट्टाने घेतले. मी तिला सांगून टाकलंय की या वर्षी निवड नीट होणार आहे, माझी बहीणच करतेय. ती हसली नाही, पण दुसऱ्या दिवशी इस्त्रीचे कपडे घालून आली.

तुझा
धाकटा


२९ मार्च

धाकट्या,

रांग तयार झाली आणि तुझी कुलूपवाल्याची मुलगी तीत नववी आहे.

मी तीनदा मोजलं. करवत मास्तरांच्या दोन्ही पेपरांत ती वर्गात तिसरी आणि दुसरी आहे, म्हणून ती निदान नववी तरी आली. बाकीच्या पेपरांत ती चांगली आहे, पण अशी चांगली मुलं बरीच आहेत. तिला वर न्यायला तुझेच चार पेपर होते. ते चारही माझ्या हिशोबात शून्य धरावे लागले.

यादी पुढ्यात घेऊन बस. अठ्ठेचाळीस मुलं. त्यांतल्या एकेचाळीस जणांना पंच्याण्णव आणि सात जणांना चौऱ्याण्णव, आणि चारही पेपरांत हेच. तिलाही पंच्याण्णव आणि तिच्या शेजारच्यालाही पंच्याण्णव. वर कोण आणि खाली कोण, हे मी कोणाला विचारू? करवत मास्तर निदान बोलतात तरी. तुझे गुण मुके आहेत, धाकट्या. सगळे घोडे बारा टक्के लावलेस.

त्या चौऱ्याण्णववाल्या सातांचा गुन्हा तरी काय होता, ते कळव. मला खरंच उत्सुकता आहे.

समितीची बैठक एकवीस एप्रिलला आहे. त्या दिवशी पहिल्या नंबराचं नाव जाहीर होईल.

ताई


३ एप्रिल

ताई,

त्या सात जणांनी फील्डबुक, म्हणजे मैदानातल्या मापांच्या नोंदी, दिलंच नव्हतं.

हे लिहिताना मला लाज वाटली. तुझं पत्र कॉलेजात आलं, शिक्षकांच्या खोलीत उभ्यानेच वाचलं आणि घडी करून खिशात घातलं. समोर करवत मास्तर डबा खात होते. आजवर त्यांची इतकी टिंगल केली, आज त्यांच्याकडे बघवेना.

तू म्हणशील तिथे सही करतो, समितीपुढे येऊन शपथेवर सांगतो की या मुलीच्या जवळपास दुसरं कोणी नाही. माझ्या वर्गात पहिली ती, मग मोठी फट, मग बाकीचे. एवढं सांगून चालणार नाही का? मला कळतंय तू काय उत्तर देशील. शब्द चालला असता, तो मीच स्वस्त केला.

पण एक गोष्ट आहे, जी मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. माझ्याकडे एक वही आहे. पेपर तपासताना मी आधी खरे गुण वहीत पेन्सिलीने लिहितो आणि शेजारी, द्यायचे ते, शाईने. मास्तर म्हणून निदान एका ठिकाणी तरी खरं बोलायचं, एवढं मी पाळलं. वही पहिल्या वर्षापासूनची आहे. या मुलीला चार पेपरांत पेन्सिलीने एक्क्याऐंशी, एकोणऐंशी, त्र्याऐंशी आणि सत्त्याहत्तर आहेत. तिच्या खालोखाल जो आहे त्याला सहासष्टच्या वर एकदाही नाहीत.

वही वेगळ्या पाकिटातून पाठवतोय. तुझ्या कामाचं फक्त शेवटचं पान आहे, तिथे खूण घातली आहे. जुनी पानं चाळत बसू नकोस, त्यात काही नाही.

तिला जागा मिळू दे, ताई. हवं तर मला समितीपुढे उभं करून कान उपट. परवा तिचे वडील मला रस्त्यात भेटले. हातातलं काम टाकून टपरीबाहेर आले आणि नमस्कार करून उभे राहिले.

तुझा
धाकटा


११ एप्रिल

धाकट्या,

वही मिळाली.

ती समितीपुढे ठेवता येणार नाही. पेन्सिलीचे आकडे कोणी कालही लिहिलेले असू शकतात. ते खरे मानायचे तर चारही कॉलेजांतल्या सगळ्या मास्तरांकडे अशा वह्या मागाव्या लागतील. एकासाठी नियम वाकवला तर मी केलेल्या कामाला अर्थ राहत नाही. तू समजून घेशील.

मुलगी हुशार आहे, तिला दुसरीकडे कुठेतरी मिळेल.

वही सवडीने परत पाठवते.

ताई


१६ एप्रिल

ताई,

तुझं बरोबर आहे.

पत्र मिळालं त्या दिवशी रागावलो होतो, खोटं कशाला बोलू. बायकोला म्हणालो, बहिणीचं काळीज दगडाचं आहे. ती म्हणाली, दगड बरा, त्यावर निदान उभं राहता येतं. रात्रभर विचार केला आणि सकाळी तुझंच पटलं. इतकी वर्षं जो शाईने खोटं लिहीत आला, त्याच्या पेन्सिलीवर कोणी का विश्वास ठेवावा?

मुलीला मी स्वतःच सांगितलं. कॉलेजात नको म्हणून टपरीवर गेलो. मागे किल्ल्या घासायचं यंत्र चालू होतं, तिच्या वडिलांनी ते बंद केलं. मी म्हणालो, जागा मिळणार नाही, आणि ते माझ्यामुळे. मी सगळ्यांना सारखेच गुण दिले, म्हणून तुझे वेगळे दिसले नाहीत. तिने एवढंच विचारलं, "सर, मला खरे किती होते?" मी आकडे सांगितले. तिने ते किल्लीच्या पाकिटावर लिहून घेतले. मग विचारलं, "मग तेच का नाही दिलेत? मला पंच्याण्णव कुठे हवे होते?" पाणी न पिताच निघालो.

तिला नगरपालिकेच्या नोंदणी विभागात काम मिळतंय, नकाशांच्या नकला काढायचं. एक तारखेपासून जाईल.

ताई, आपल्या सगळ्यांत तूच एक सरळ राहिलीस. आमच्यासारखी माणसं सगळ्यांचं भलं करायला जातात आणि कोणाचंच करत नाहीत. तुझ्यासारखी वाईटपणा घेते, म्हणून निदान रांग तरी सरळ राहते. मला तुझा अभिमान वाटतो, हे तोंडावर कधी बोललो नसतो. भाच्यालाही सांग, आईकडून शिकण्यासारखं खूप आहे. बारा वर्षांत एकदा मामाकडे फिरकला नाही लेकाचा. मोठा साहेब झाला म्हणून आम्हाला विसरला असेल.

तुझा
धाकटा


२० एप्रिल

धाकट्या,

तुझं पत्र आलं तेव्हा मी खुर्चीत बसले होते, ती जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. अभिमान वाटतो म्हणून लिहिलंस. ते वाक्य मला दुसऱ्यांदा वाचता आलं नाही.

तुला मी खोटं कारण लिहिलं. खरं आता लिहिते, शेवटपर्यंत वाच.

तू सांगितलंस जुनी पानं चाळू नकोस, म्हणून मी आधी तीच चाळली. पहिली चार वर्षं पेन्सिल आणि शाई सारखीच आहे. बावन्नला बावन्न, एकोणतीसला एकोणतीस. तेव्हा तू पंच्याण्णव सर नव्हतास. पाचव्या वर्षी, म्हणजे बारा वर्षांपूर्वी, दोन रकाने पहिल्यांदा वेगळे झाले. त्या वर्षी प्रत्येकाला बरोबर चोवीस गुण वाढवलेस. वरच्या दोघांचं शंभराच्या पुढे जात होतं, म्हणून त्यांना अठ्ठ्याण्णववर थांबवलंस. आकड्यांत जन्म गेला माझा. चोवीसच का, पंचवीस का नाहीत, हे मी बोट ठेवून वर-खाली शोधलं. यादीत एकालाच सोळा होते, आणि पास व्हायला चाळीस लागतात.

ते नाव माझ्या मुलाचं आहे.

एकट्याचे वाढवले असतेस तर मामाने भाच्याचे वाढवले असं कोणीतरी म्हणालं असतं. म्हणून तू अख्खा वर्ग चोवीसने उचललास, आणि त्या वर्षी कोणाच्या काही लक्षात आलं नाही. पुढच्या वर्षीच्या मुलांनी मात्र विचारलं असेल, की मागच्यांना एवढे आणि आम्हाला का नाहीत. मग तेही वाढले आणि त्यापुढचेही. उतरायची पायरी तुला सापडली नाही. पानं उलटताना मला सगळं दिसत होतं, दर वर्षी शाई थोडी वर सरकत जात होती.

आणि तू हे आपणहून केलं नाहीस. मी तुला तेव्हा एक कार्ड लिहिलं होतं. पोरगा तिथे एकटा आहे, सांभाळून घे. वही हातात घेऊन दोन दिवस मी स्वतःला समजावत होते की मला जेवणखाणाचं, झोपेचं म्हणायचं होतं. पण कार्ड मी परीक्षा संपल्यावर लिहिलं होतं, निकाल लागायला पंधरा दिवस असताना. पेपर देऊन झालेल्या पोराचं जेवण सांभाळ म्हणून कोण कशाला लिहील? मला काय म्हणायचं होतं ते मला तेव्हाही माहीत होतं. मुद्दाम तो शब्द निवडला, कारण त्या शब्दाला दोन्ही अर्थ आहेत. कोणी विचारलंच तर दुसरा अर्थ दाखवता आला असता.

म्हणून मी वही समितीपुढे नेली नाही. एकच पान नेलं तर त्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, ते काल लिहिलेलं वाटेल. सोळा वर्षांची सबंध वही समोर असली तरच ती खरी वाटेल, आणि सबंध वहीत ते पान आहे. लोकांच्या मुलांची रांग सरळ करायला निघालेल्या बाईच्या मुलाला सोळा होते. एवढं झाकायला मी त्या मुलीला नववीच राहू दिलं आणि त्याला नियम म्हटलं.

काल मुलाला बोलावून वही दाखवली. त्याला धक्का बसेल अशी माझी समजूत होती. त्याने पान बघितलं आणि म्हणाला, "सोळा म्हणजे जास्तच दिलेत मामाने. मी दोनच प्रश्न लिहिले होते." त्याला निकालाच्या दिवशीच कळलं होतं. बारा वर्षं तो तुझ्याकडे आला नाही तो साहेब झाला म्हणून नाही, तुझ्या समोर बसून जेवायचं कसं, हे त्याला कळत नव्हतं. त्याच्या हाताखालची माणसं सांगतात की साहेब प्रत्येक माप तीन-तीनदा घ्यायला लावतात. माझा मुलगा किती काटेकोर, म्हणून मी हे चार घरी सांगत फिरले. काल तो म्हणाला, "मला एकदाही खात्री वाटत नाही, आई."

नाव कापून द्यायचं का, असं मी त्याला विचारलं. त्याने तशीच नेऊन दे म्हणून सांगितलं.

आज सकाळी मी समितीच्या अध्यक्षांकडे गेले. सबंध वही त्यांच्या टेबलावर ठेवली, ते पान उघडून दाखवलं, कार्डाचंही सांगितलं. त्यांनी पाणी मागवलं, माझ्यासाठी की स्वतःसाठी ते कळलं नाही. वहीवरून जागा देणार नाही म्हणाले, आणि तेच बरोबर आहे. उद्याचा निकाल थांबवलाय. रांगेतल्या पहिल्या बारा जणांची नव्याने परीक्षा होईल, नऊ मे रोजी. पेपरावर नावाऐवजी नुसता क्रमांक, आणि प्रत्येक पेपर दोन परक्या गावचे परीक्षक तपासतील. मला या कामातून मोकळं केलंय. कोणी वाईट बोललं नाही, पण दारापर्यंत सोडायलाही कोणी आलं नाही.

तिला जाऊन सांग. ती नववी आहे, म्हणजे बारांत आहे. मी सांगण्याच्या लायकीची नाही.

ताई


२५ एप्रिल

ताई,

तुझं पत्र मिळालं.

कार्ड मी त्याच दिवशी फाडून टाकलं होतं. तू फक्त सांभाळून घे म्हणालीस, कितीने ते मी ठरवलं. तेव्हा सगळ्यांनाच चोवीस वाढवायचं सुचलं याचा मला आनंदच झाला होता, काय शक्कल लढवली म्हणून. तुझ्या डोक्यावर सगळं घेऊ नकोस. पुढची अकरा वर्षं तुझं कार्ड नव्हतं.

भाच्याला माझ्याकडे पाठव. जेवायचं नसेल तर नको जेवू दे, नुसता येऊन बसला तरी चालेल.

मुलीकडे गेलो होतो. वाटलं होतं, ऐकून तिला आनंद होईल. तिने आधी वडिलांना बाहेर पाठवलं आणि मला विचारलं, "सर, हे पुन्हा कोणी सांभाळून घेतंय का?" हा शब्द मी तिच्यापुढे कधी काढला नव्हता. मुलांना तो ठाऊकच असतो. मी म्हणालो, नाही, नावसुद्धा असणार नाही पेपरावर. तिने दोनदा विचारलं. मग म्हणाली, येते. नोंदणी विभागात रुजू व्हायची तारीख तिने पुढे ढकलून घेतली आहे. मी तिला शिकवायला येऊ का म्हणालो, तर नको म्हणाली.

तुझा
धाकटा


१९ मे

ताई,

जागा गेली. तुला कळलं असेल, तरी माझ्याकडून ऐक.

बारा जणांत ती दुसरी आली. पहिला मुलगा तिच्यापेक्षा तीनच गुणांनी वर आहे. त्याचे वडील कोण, मास्तर कोण, मला माहीत नाही आणि बरंच आहे. त्याला अठ्ठ्याहत्तर, तिला पंच्याहत्तर. यंदा समितीने सगळ्यांना आपापले पेपर बघू दिले.

समितीने वही मला टपालाने परत पाठवली, ती परवा मिळाली. शिपायाने टेबलावर ठेवली तेव्हा वर्गात जायला दहा मिनिटं होती. या मुलीचं दुसऱ्या वर्षाचं पान काढलं, उगाच, तिचे आकडे पुन्हा बघावेत म्हणून. तिच्या नावापुढे माझ्याच बारीक अक्षरात लिहिलंय: मागचं-पुढचं उलटं करते, सांगायला हवं. म्हणजे दुर्बिणीतून मागच्या पट्टीवर वाचलेल्या आकड्यातून पुढचा वजा करायचा, तिथे ती गडबडीत पुढच्यातून मागचा करते. मग चढ असतो तिथे उतार निघतो. त्यासाठी मी वहीत गुण कापले होते आणि शाईने पंच्याण्णव दिले होते. सांगायचं राहूनच गेलं. पंच्याण्णव दिलेल्या मुलीला बोलावून तुझं काय चुकतं ते सांगणार कसं? ती विचारेल, मग पंच्याण्णव कशाचे?

आज दुपारी ती घरी आली. तिला सांगायला यायची काही गरज नव्हती, तरी आली. पेपर कसा गेला ते मी विचारलं. म्हणाली, सगळा बरोबर होता, शेवटच्या गणितात मागचं आणि पुढचं उलटं झालं, चार गुण तिथे गेले. लक्ष द्यायला हवं होतं.

बायको चहा ठेवायला आत गेली होती. मी म्हणालो, "ही जागा माझ्यामुळे गेली." पुढचं सगळं सांगायला तोंड उघडलं होतं. तिने मला थांबवलं.

"नाही, सर," ती म्हणाली. "ही माझ्यामुळे गेली. एवढं तरी माझं राहू द्या."

वहीतली ती ओळ सांगायची पुन्हा राहिली. चहा पिऊन ती गेली, सोमवारी नोंदणी विभागात रुजू होतेय. वही परवापासून टेबलाच्या खणात आहे आणि तो खण मी अजून उघडलेला नाही.

तुझा
धाकटा